क्लच बदलल्यानंतर

मी बारा वर्षं बायकांना गाडी शिकवली. त्यातले पाच-सहा आठवडे असे गेले की मला स्वतःला गाडीतलं काही कळतं की नाही, याचीच शंका येऊ लागली होती.

यांना कंपनीने व्हीआरएस दिली तेव्हा आम्ही पेठेतली भाड्याची जागा सोडून नुकतेच वडगाव शेरीला राहायला आलो होतो. हे घरी बसले आणि मी बाहेर पडले. मला गाडी चांगली यायची. लग्नाआधी माहेरी जीप चालवली होती. एक जुनी छोटी पांढरी गाडी घेतली, तिला शिकवण्याची डबल पेडलं बसवून घेतली आणि ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी वर लावली. खराडीला तेव्हा एकामागून एक काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथे कामाला आलेल्या मुली यायच्या. शिवाय आमच्याच भागातल्या गृहिणी यायच्या, ज्यांच्या नवऱ्यांनी कर्ज काढून गाडी घेतली होती पण ती शिकवताना दुसऱ्याच दिवशी भांडण झालं होतं. सकाळी सातला मी बिल्डिंगखाली जाऊन मिस्ड कॉल द्यायची की बाई खाली यायची.

डबल पेडलांचं सांगायला हवं. शिकणारी उजवीकडे बसते, मी डावीकडे. माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक अशी दोन पेडलं होती आणि ती सळ्यांनी तिच्या पेडलांना जोडलेली होती. तिने क्लच दाबला की माझ्या बाजूचं पेडल आपोआप खाली जाई. मी ब्रेक दाबला की तिच्या बाजूचंही जाई. आमचा सगळा धंदा त्या दोन सळ्यांवर चालला होता.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी क्लच घसरायला लागला. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी गोगलगायीसारखी सरकायची. वाघोलीला एक मिस्त्री होते, माझी गाडी कायम त्यांच्याकडेच जायची. पन्नाशीचे, कमी बोलणारे. एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “प्लेट गेली, ताई. गिअरबॉक्स उतरवावा लागंल. परवा या.”

परवा गेले. स्वतः चालवत घरी आणली. पेडल हलकं, गिअर लोण्यातून सुरी जावी तसे. घरी येऊन यांना सांगितलं की गाडी नवीन झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच बाईंनी फर्स्टमधून सेकंड टाकला आणि खालून असा करकर आवाज आला की रस्त्यावरचा दूधवाला वळून बघायला लागला. मी म्हटलं, क्लच पूर्ण दाबा. त्यांनी दाबला. पुन्हा करकर. रिव्हर्स तर पडेचना. पुढच्या मुलीचंही तेच. तिसरीचंही तेच. साडेनऊला मी गाडी घेऊन घरी निघाले, तर सगळे गिअर मुकाट्याने पडले, रिव्हर्ससकट.

मी वाघोलीला गेले. मिस्त्री शेजारी बसले, मी चालवली. काही नाही. मग ते एकटेच फेरी मारून आले.

“गाडी नीट हाय, ताई.”

“अहो, पण तीन जणींच्या हातून आवाज आला.”

“नवी प्लेट हाय, बसायला येळ लागतो. आन् बायकांचं पाऊल हलकं पडतं. दाबून धरायला सांगा.”

मला ते पटलं. पटलं म्हणजे, पटवून घेतलं. पुढचा आठवडाभर मी गाडीत बसून एकच शब्द बोलत होते: दाबा. पूर्ण दाबा. अजून दाबा. बायका सीटवरून पुढे सरकून, स्टिअरिंगला धरून, दात आवळून पेडल दाबायच्या. कधी गिअर पडायचा, कधी नाही. पडला तरी का पडला ते कळायचं नाही.

पुन्हा वाघोली. मिस्त्रींनी गिअर ऑइल बदललं. चार दिवसांनी पुन्हा. गिअरच्या दांड्याखालचा रबरी बुश बदलला. प्रत्येक वेळी गॅरेजमधून निघताना गाडी शहाण्यासारखी वागायची. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी करकर. मी वहीत लिहायला लागले: थंड इंजिन, सेकंड अडला. गरम इंजिन, तरी अडला. पाऊस, पडला. पाऊस, अडला. रविवारी मी स्वतः चालवली, एकदाही नाही. वही भरत चालली आणि माझं डोकं रिकामं होत चाललं. एकदा तर मला वाटलं, की हा आवाज खरंच येतो की मलाच ऐकू येतो. म्हणून मी एका बाईंना विचारलं, “तुम्हाला ऐकू आलं?” त्या घाबरून म्हणाल्या, “काय?”

यांना सांगितलं तर पेपर खाली न करता म्हणाले, “गाडीला विद्यार्थी आवडत नसतील.”

त्या दिवसांत माझ्याकडे आमच्याच गल्लीतल्या एक बाई यायच्या. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या. दोन्ही मुलं शिकायला बाहेर, नवरा फिरतीवर, गाडी आच्छादन घालून खाली उभी. क्लच बदलायच्या आधी आठ-दहा दिवस त्या माझ्याकडे शिकल्या होत्या आणि सावकाश, पण छान चालवत होत्या. क्लच बदलल्यानंतर त्यांच्याकडून एकही गिअर धड पडेना. एका सकाळी चौकात गाडी बंद पडली, मागे बस उभी राहून हॉर्न देत होती, त्या दाबत होत्या आणि मी वैतागून बोलले, “अहो, तुमच्या पायात जोरच नाही.”

त्यांनी मान डोलावली. “हो, नाहीच आहे,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मिस्ड कॉल दिला तर त्या खाली आल्या नाहीत. गुडघे दुखतात असा निरोप आला. मला, खरं सांगायचं तर, एक सकाळ मोकळी मिळाल्याचं बरं वाटलं.

दुसरी एक मुलगी होती, वर्ध्याकडची. खराडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची आणि तिथेच मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. कंपनी तिला वर्षभरासाठी परदेशी पाठवणार होती आणि तिथे गाडीशिवाय पान हलत नाही, असं तिच्या वरच्यांनी सांगितलं होतं. त्यामुळे जायच्या आधी लायसन्स हवं होतं. हुशार होती. रस्त्याचा अंदाज चांगला, भीती नाही. पण गिअर तिलाही साथ देईना.

“दाब,” मी म्हणायची.

“मॅडम, मी तर पूर्णच दाबून राहिली ना.”

“मग गिअर का नाही पडत?”

“तेच तर समजून नाही राहिलं.”

एक दिवस तिने गाडी कडेला घेतली. विचार करून ठेवलेलं बोलतात तसं बोलायला लागली. “मॅडम, आमच्याकडे सिस्टिममध्ये काही प्रॉब्लेम आला, की आम्ही आधी बघतो, कधी येतो आन् कधी नाही येत. तुम्ही चालवता तेव्हा नाही येत. मिस्त्री चालवतात तेव्हा नाही येत. आम्ही चालवतो तेव्हा येतो.”

“म्हणजे तुमचंच चुकतं.”

“नाही, पण तेव्हा अजून एक गोष्ट वेगळी असते ना. तुम्ही तिकडे बसल्या असता. तुम्ही एकदा उतरून बघता का? मी जागच्या जागी गिअर टाकते, गाडी हलवत नाही.”

आता वाटतं, उतरायला मला कितीसे कष्ट पडणार होते. पण गेले तीन आठवडे मी कोणाकोणाचं काय काय ऐकत होते आणि आता कालची पोरगी मला सांगत होती की माझं बसणंच चुकतंय. मी म्हटलं, “आपण आधी गाडी शिकावी, मग मला शिकवावं.”

इतके दिवस मी तिला अगं-तुगं करत होते. त्या ‘आपण’नंतर तिने सरळ गाडी चालू केली. पुढे परीक्षेपर्यंत ती कामापुरतंच बोलली.

परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या मैदानात इन्स्पेक्टर मागच्या सीटवर बसले, मी माझ्या जागेवर. मुलीने आरसा पाहिला, सिग्नल दिला, फर्स्टमध्ये गाडी सुरेख उचलली. सेकंडला करकर. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा करकर. तोपर्यंत गाडी थांबत आली आणि बंद पडली. तिने पुन्हा चालू केली. रिव्हर्सच्या वेळी तर दांडा तिच्या हातात नुसता थरथरत होता. इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले, “आवाजावरून गिअर शोधताय का? सराव करून या परत.”

बाहेर आल्यावर ती रडली वगैरे नाही. ओढणीला हात पुसले आणि “येते मॅडम” म्हणून रिक्षा पकडून गेली. मी गाडीत बसले. उजवीकडे, ड्रायव्हरच्या सीटवर. फर्स्ट, सेकंड, थर्ड, रिव्हर्स. सगळे पडले. मला गाडीचा इतका राग आला की मी तशीच थेट वाघोलीला गेले.

मिस्त्री जेवायला बसणार होते. मी म्हटलं, “डबा नंतर उघडा. आज तुम्ही चालवा आणि मी माझ्या जागेवर बसते. विद्यार्थिनी आहात असं समजा.”

हे आम्ही तोवर एकदाही केलं नव्हतं, हे मला तेव्हा बोलता बोलता लक्षात आलं. एक तर मी चालवायची आणि ते शेजारी, नाहीतर ते एकटे.

ते बसले. फर्स्ट टाकला, गाडी उचलली, सेकंडला गेले आणि करकर. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तीस वर्षं गाड्या हाताळलेला माणूस. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. त्यांनी गाडी कडेला थांबवली.

“उतरा, ताई.”

मी उतरले. त्यांनी जागेवरच गिअर टाकून पाहिले. आवाज नाही.

“बसा परत.”

बसले. करकर.

“उतरा.”

तिसऱ्यांदा बसले तेव्हा ते आपल्या सीटवरून उतरून माझ्या दाराशी आले, उकिडवे बसले आणि आत वाकून बघायला लागले. मला वाटलं सळई तपासतायत.

“ताई, पाय कुठं ठेवलाय?”

मी खाली पाहिलं. माझ्या डाव्या पायाचा चवडा क्लचच्या पेडलखाली होता.

मला स्वतःला क्लच दाबायचा नसला की तो कायम तिथेच असायचा. पहिल्या वर्षी एका मुलीने क्लच एकदम सोडून गाडी भाजीच्या गाडीवर नेली होती, तेव्हापासून मी पाय पेडलखाली सरकवून बसू लागले होते. पेडल पावलावर टेकलं की मला न बघता कळायचं, हिने क्लच दाबला. कोणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शोधलं होतं आणि नंतर विसरूनही गेले होते. गेले काही आठवडे पावलावर एक निळसर वळ उठला होता. मी चपलेच्या पट्ट्याला दोष देऊन चप्पल बदलली होती.

“पण माझा पाय आधीपण इथेच असायचा,” मी म्हटलं. “इतकी वर्षं काही झालं नाही.”

मिस्त्री उठले नाहीत, तिथेच बसून त्यांनी हाताने दाखवलं. “जुनी प्लेट झिजली होती. पेडल निम्म्यात आलं की क्लच सुटायचा. मधी तुमचा पाय असला तरी चालून जायचं. आता नवी हाय. पेडल पार तळाला गेल्याबिगर क्लच पुरता सुटत न्हाई. पोरी दाबत्यात, आन् खाली तुमचा पाय.”

म्हणजे त्या खरंच पूर्ण दाबत होत्या. जितकं जाईल तितकं. उरलेलं अंतर माझ्या पावलाएवढं होतं.

“मग चूक माझी,” मी म्हटलं.

त्यांनी आत हात घालून पेडल दाबून पाहिलं. “केबल मी बी जास्त ढिली सोडली हाय. ती ताणली असती तर पेडल वर आलं असतं. ध्यानात यायला पाहिजे होतं. डबल पेडलची गाडी, मी एकटाच चालवून बघत बसलो.”

“मग नक्की कोणाची?”

“थोडी थोडी,” ते म्हणाले आणि पाना आणायला गेले.

केबल ताणून झाली. मी पाय मागे घेऊन बसले, त्यांनी चालवली, एकही आवाज आला नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट परत येताना मी आणखीच गोंधळले. पाय पेडलखाली ठेवायचा नाही, तर मग ठेवायचा कुठे? दुसऱ्या दिवशी शिकवताना मला मुलींचा क्लच कळेचना. मी वाकून वाकून त्यांच्या पायांकडे बघत होते आणि रस्ता बघायचा राहत होता. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, काही पडलंय का खाली?” आणि त्यातून एका बाईंच्या हातून दुरुस्तीनंतरही गिअर करकरायचाच. तिथे खरोखर त्यांचाच पाय अर्धवट राहत होता. ते कळायला मला आठवडा लागला, कारण आता कोणालाही ‘दाबा’ म्हणायची माझी हिंमत होत नव्हती.

यांना सांगितलं. या वेळी पेपर खाली केला. म्हणाले, “म्हणजे गाडीतला एकच पार्ट तपासायचा राहिला होता.” मग पेपरची घडी घालत म्हणाले, “त्या मुलीला सांगितलंस का?”

मी तिला फोन केला होता, तिने उचलला नव्हता. मग शनिवारी तिच्या हॉस्टेलवर गेले. ती खाली आली, केस धुतलेले, खांद्यावर टॉवेल. आम्ही फाटकाशी उभ्या राहून बोललो. मी सगळं सांगितलं, पाय, केबल, प्लेट. ती शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती.

“म्हणजे तुमचा पाय होता?” तिने विचारलं.

“हो.”

“मला वाटून राहिलं होतं का सीटवरच्या वजनानं सळई वाकत असंल. पाय नाही आला डोक्यात.”

“तू उतरून बघा म्हणालीस तेव्हा मी उतरायला हवं होतं.”

तिने टॉवेलने केसांची टोकं पुसली. मग म्हणाली, “मॅडम, तुम्ही ते ‘आपण’ म्हणाल्या ना, त्याचं मला लय लागलं. आमच्याकडं रागावले तर सरळ रागावतात.”

मी म्हटलं, “आमच्याकडे असंच रागावतात.” आणि मग “चुकलं माझं,” असंही म्हटलं. ते म्हणायला मला अवघड गेलं. ती माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान होती.

सोमवारपासून ती पुन्हा आली. मी दोन्ही पाय सीटकडे ओढून बसायची, शाळेतल्या मुलीसारखी. तिचे गिअर पडत होते. पुढच्या परीक्षेत ती पास झाली आणि दिवाळीनंतर परदेशी गेली. तिकडून तिचा एकदा फोन आला. तिकडच्या गाडीला क्लचच नाही, डावा पाय उगाच शोधत राहतो, असं हसत सांगत होती.

गल्लीतल्या त्या बाईंकडे जायला मात्र मी बरेच दिवस लावले. रोज त्यांच्या बिल्डिंगवरून जायची. शेवटी एका दुपारी जिना चढले. त्यांनी प्रेमाने बसवलं, चहा केला, मुलांचे फोटो दाखवले. मी पुन्हा सगळं सांगितलं. तोवर मला ते नीट सांगता यायला लागलं होतं. कपाच्या कानाखाली बोट धरून पेडल कसं खाली जातं आणि पाय कसा मध्ये येतो ते दाखवलं.

त्या हसल्या. “तुम्ही उगाच मनाला लावून घेता. माझ्या पायात जोर नाही, ते तुम्ही बरोबर ओळखलंत.”

“अहो, नाही. तेच तर सांगतेय. तुमचा पाय चांगला होता, माझा मध्ये होता. आधीचे आठ-दहा दिवस आठवा ना. किती छान चालवत होता तुम्ही.”

“तेव्हा तुम्हीच दाबत असाल तुमच्या बाजूने,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचंच तेव्हा, की हे इतकं सोपं कसं जातंय.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. नवीन बाई असली की मी कधी कधी माझ्या बाजूने क्लच दाबून द्यायची, हे खरं होतं. त्यांनाही दिला असेल का? पहिल्या दिवशी नक्कीच. चौथ्या दिवशी? आठव्या? वहीत ते नव्हतं, वही मी क्लच बदलल्यानंतर सुरू केली होती. मी कितीही आठवलं तरी माझा पाय तेव्हा पेडलच्या वर होता की खाली, ते मला आठवेना.

“एकदा येऊन तर बघा,” मी म्हटलं. “मी पाय वर घेऊन बसेन.”

“बघू,” त्या म्हणाल्या आणि कप उचलले.

त्या आल्या नाहीत. पुढे मी आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं. गुडघे खरोखर दुखत होते का, तेही मला कळलं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या नवऱ्याने खाली आच्छादनात उभी असलेली ती गाडी विकली.